मिडलवेट मामा

आमच्या घराण्यात संकटाला तोंड देण्याची एकच रीत आहे : त्या विषयावरचं पुस्तक आणायचं. आजोबांनी विहीर खणण्याआधी भूगर्भशास्त्र वाचलं. पाणी लागलं नाही, पण ते का लागलं नाही हे पंचक्रोशीत त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येत नसे. वडिलांनी मधुमेह झाल्यावर इतकं वाचलं की डॉक्टर त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लावू लागले. त्यामुळं भाचीनं बंगळूरच्या येलहंक्यात मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा, म्हणजे एमएमएचा, क्लास लावला आणि कराडहून ताईचा फोन आला, तेव्हा माझे पुढचे महिने कसे जाणार हे ठरूनच गेलं.

भाची इथल्या मान्यता टेक पार्कात नोकरीला लागली आणि आमच्याकडं, येलहंका न्यू टाऊनमध्ये, राहायला आली. ताईची कल्पना अशी की मुलगी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणार आणि रात्री मामाकडं वरणभात जेवणार. मुलगी वरणभात जेवत होतीच, पण जेवताना तिच्या दंडावर काळेनिळे डाग दिसायचे. कुठं लागलं विचारलं की डोळे चमकवून म्हणायची, "मामा, आज मला एकीनं काय मस्त लॉक लावला!" एकदा व्हिडिओ कॉलवर ते डाग ताईला दिसले.

"तू तिचा मामा आहेस ना?" ताई म्हणाली. "मग जाऊन नीट बघ तिथं काय शिकवतात, आणि मला सांग."

क्लास आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका बेकरीच्या वर आहे. जाऊन बघणं सहज शक्य होतं. पण नुसतं बघून माणसाला काय कळतं? मी चर्च स्ट्रीटला गेलो आणि जुनी पुस्तकं पिशवीभर घेऊन आलो.

पहिल्या रात्री जे वाचलं ते ताईला सांगण्यासारखं नव्हतं. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात आठकोनी जाळीचा पिंजरा उभा करून काही लोकांनी 'यूएफसी' नावाच्या स्पर्धेत एक जुना प्रश्न सोडवायला घेतला : बॉक्सर, कराटेवाला, सुमो मल्ल आणि कुस्तीगीर एकमेकांसमोर सोडले तर जिंकेल कोण? आम्ही चौथीत असताना मधल्या सुट्टीत हाच प्रश्न वाघ आणि सिंहाबद्दल सोडवायचो. अमेरिकनांनी माणसं घेतली आणि तिकीट लावलं. वजनगट नव्हते. चावायचं नाही आणि डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, ही मुख्य पथ्यं. मी कुतूहलानं मागं मागं वाचत गेलो, तर प्राचीन ग्रीकांच्या ऑलिंपिकमध्ये इसवी सनापूर्वी ६४८ साली सुरू झालेल्या पॅन्क्रेशन नावाच्या झुंजीतही नेमकी हीच दोन पथ्यं होती. म्हणजे सव्वीस शतकं उलटली, तत्त्ववेत्ते झाले, संत झाले, संयुक्त राष्ट्रसंघ झाला, आणि नीतिनियमांत एकाही कलमाची भर पडली नाही. स्पार्टाच्या लोकांना तर ही दोनही जाचक वाटत आणि ते घरगुती सरावात ती पाळत नसत, असं फिलोस्ट्रेटस नावाचा जुना ग्रीक लेखक सांगतो.

दुसऱ्या दिवशी ताईला मी एवढंच कळवलं : "चावायला बंदी आहे."

"तेवढं तरी बरं आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज जरा निवळला.

डेन्व्हरच्या त्या रात्रीची पहिलीच लढत हवाईकडचा अवाढव्य सुमो मल्ल टेइला टुली आणि नेदरलँड्सचा जेरार्ड गोर्डो यांची. टुली अंगावर धावून गेला, जाळीपाशी कोलमडला, गोर्डोनं तोंडावर लाथ हाणली आणि एक दात उडाला. अर्ध्या मिनिटाच्या आत कारभार आटोपला. माझं मन मात्र जडलं ते आर्ट जिमरसन या बॉक्सरवर. हा व्यावसायिक मुष्टियोद्धा पिंजऱ्यात आला तो एकाच हातात ग्लोव्ह घालून. एक हात बॉक्सिंगला आणि दुसरा बाकीच्या आयुष्याला. समोर पांढरा झगा घातलेला रॉयस ग्रेसी नावाचा किडकिडीत ब्राझिलियन. त्यानं जिमरसनला खाली पाडलं आणि छातीवर बसला. गळा धरला नाही, हात पिरगाळला नाही, नुसता बसला. जिमरसननं परिस्थितीचा एकंदर विचार करून जमीन थोपटली आणि हार मान्य केली. इतका समंजस माणूस मी बँकेच्या नोकरीत अख्ख्या हयातीत पाहिला नव्हता.

रॉयस ग्रेसीनं त्या एका रात्री तिघांना हरवून स्पर्धा जिंकली. त्याचं वजन ऐंशी किलोच्या आसपास. माझंही तेवढंच. पुढं या खेळात वजनगट आले, त्यांत ७७.१ किलोच्या वर आणि ८३.९ किलोपर्यंतचा माणूस मिडलवेट. ज्या आकड्याकडं बघून आमचे डॉक्टर वर्षानुवर्षं मान हलवत होते, त्याला जागतिक पातळीवर एक रुबाबदार हुद्दा होता. मी तो घरात जाहीर केला. भाचीनं माझ्या पोटाकडं बघून "मामा, त्यांचं बहुतेक स्नायूंचं असतं" एवढी दुरुस्ती सुचवली. वजनाच्या काट्याला हा भेदभाव ठाऊक नसतो, हे मी तिला पुस्तकातून दाखवून दिलं.

नियम आले ते सहजासहजी नव्हे. १९९६ साली जॉन मॅकेन या सिनेटरनं याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि अमेरिकेच्या पन्नासही राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं धाडली. धंदा बसायची वेळ आली, तेव्हा २०००च्या सुमारास न्यू जर्सीत सगळ्यांनी मिळून नियमावली बांधली आणि चावण्याच्या जोडीला निषिद्ध गोष्टींची लांबलचक यादी केली : केस ओढणं, थुंकणं, जखमेत बोट घालणं, पिंजऱ्यात अर्वाच्य बोलणं, आणि शत्रूला टाळत भित्रेपणानं वागणं. ही नियमावली आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला लावली, तर पहिल्या अर्ध्या तासातच कोरम संपेल. अर्वाच्य बोलणारे एका कलमाखाली बाद होतील आणि मागच्या खुर्च्यांवर बसून मोबाइल बघणारे दुसऱ्या.

गुणांची पद्धतही मनाला भिडली. फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण आणि हरणाऱ्याला बहुतेक वेळा नऊ. दहापैकी नऊ मिळवून माणूस पराभूत ठरतो, हे ज्यांना क्रूर वाटेल त्यांनी आमच्या पिढीत कराडमध्ये प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही घेतलेली नाही.

वाचता वाचता माझ्या जातकुळीतले दोघं भेटले. जोनाथन गॉटशॉल हे अमेरिकेतल्या एका कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक. विभागासमोर रस्त्यापलीकडं एमएमएचं जिम निघालं. ते बघता बघता चाळिशीच्या तोंडाशी हे गृहस्थ स्वतःच पिंजऱ्यात उतरले आणि २०१५मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. पुस्तक चांगलं आहे, मार्ग पसंत पडला नाही. दुसरे जॉन डॅनहर. न्यूझीलंडहून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरेटसाठी आले आणि ज्युजित्सूच्या चटईवर रमले. स्वतः कधी पिंजऱ्यात लढले नाहीत, पण जॉर्ज सेंट-पिएरसारख्या विश्वविजेत्याला जमिनीवरची लढत शिकवली. ज्ञान म्हणजे काय याचा अभ्यास करणारा माणूस इतरांच्या माना आवळण्यावर अधिकारवाणीनं बोलतो आणि स्वतः सुरक्षित राहतो. देव्हाऱ्यात ठेवावा असा माणूस.

आणि वाचून मल्लविद्या शिकण्याचं खूळ काही परदेशी नव्हे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत काढले. जोर-बैठका मारणाऱ्याला दहा खंड वाचायला वेळ कुठला? ते आमच्यासारख्यांसाठीच होते. त्याहून मागं जायचं तर बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणच्या, चालुक्य सोमेश्वर राजानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात हत्ती आहेत, रत्नं आहेत, स्वयंपाक आहे आणि मल्लविनोदही आहे. राजा लिहायला बसला होता. डाव टाकायला दरबारात माणसं होती. आमच्या घरातही अशीच वाटणी झाली. भाची डाव टाकायची, मी वाचायचो.

"मामा, रिअर नेकेड चोक माहीत आहे?" ती एका रात्री म्हणाली.

"अर्थात. पाठीमागून येऊन हाताच्या बेचक्यात गळा धरायचा. दाब श्वासनलिकेवर नको, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्यांवर हवा. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की आठ-दहा सेकंदांत शुद्ध जाते."

"एकदम बरोबर! मग लाव बघू मला."

"मी तात्त्विक बाजू बघतो," मी म्हणालो.

भाचीच्या खुराकाची मात्र व्यावहारिक बाजूही माझ्याकडं आली. एरवी कोंबडी मिळायला अडचण नाही, पण येलहंक्याच्या हवाई तळावर एक वर्षाआड 'एरो इंडिया'चं प्रदर्शन भरतं. खाटकाच्या दुकानांमागं घारी घिरट्या घालतात आणि त्या विमानांना आपटू नयेत म्हणून तळाभोवतीच्या दहाएक किलोमीटरमध्ये तेवढ्या दिवसांपुरती मांसविक्री बंद ठेवायचा हुकूम निघतो. लढाऊ विमानं आली की लढाऊ भाचीची कोंबडी बंद. डोक्यावरून सुखोई जातंय आणि खाली ही मुलगी सोयाबीनच्या वड्यांकडं बघत बसली आहे, असं दृश्य संरक्षण खात्याच्या जाहिरातीत कधी दिसणार नाही.

ताईचे फोन चालूच होते. तिचा मुद्दा साधा होता : कुस्ती वेगळी, हे वेगळं. कराडच्या माणसाला कुस्तीचं कौतुक सांगावं लागत नाही. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्या गावाला लागूनच. १९५२मध्ये हेलसिंकीहून त्यांनी ब्राँझ आणलं तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ही गोष्ट आम्ही आईच्या मांडीवर ऐकली. मी तिला सांगितलं, "अगं, यातही कुस्तीवालेच पुढं असतात. आपल्या मुंबईचा भरत खंडारे कुस्तीतूनच आला आणि २०१७मध्ये शांघायला यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला."

"जिंकला?"

"पहिल्या फेरीत गळा अडकला."

ताई काही बोलली नाही. मी घाईनं पूजा तोमरचं नाव घेतलं. उत्तर प्रदेशातली ही मुलगी जून २०२४मध्ये अमेरिकेत लुईव्हिलला यूएफसीची लढत जिंकली आणि तिथं जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. त्यावर ताईनं विचारलं, "लग्न झालंय का तिचं?" माझ्या एकाही पुस्तकात या प्रश्नाची तयारी करून घेतलेली नव्हती.

आमचे शेजारी रेल्वेच्या इथल्या चाकांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. येलहंका हे केंपेगौडांचं मूळ ठाणं. त्या घराण्यानं १५३७ साली बंगळूर वसवलं, १६३८ साली विजापूरच्या फौजेनं ते घेतलं आणि पुढं शहाजीराजांना जहागीर म्हणून दिलं. शेजारी मला हा इतिहास अशा सुरात सांगतात, जणू कागदपत्रं अजून माझ्याच कपाटात आहेत. माझ्या हातातलं पुस्तक बघून ते म्हणाले, "हे काय नवीन सार्? आमच्या म्हैसूरला या, दसऱ्याला."

म्हैसूरच्या राजवाड्यात विजयादशमीला वज्रमुष्टी काळग होतो. डोक्याचा गोटा केलेले जेट्टी मल्ल, मुठीत शिंगाचं किंवा हस्तिदंताचं टोकेरी कवच. एकाच्या डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब आला की झुंज संपली. बहुतेक वेळा काही सेकंदांत. मग राजघराण्याची स्वारी पुढं निघते. शेजारी हे सांगत होते आणि मला इतके महिने पुस्तकांत सापडत नव्हतं ते सापडल्यासारखं झालं.

कारण तोवर मी तीन माणसांच्या गोष्टींत अडकून पडलो होतो. पहिला ग्रीक मल्ल अरिखिऑन. इसवी सनापूर्वी ५६४ साली ऑलिंपिकमध्ये प्रतिस्पर्ध्यानं त्याचा गळा आवळला. यानं मरता मरता त्याचा पाय असा पिरगाळला की कळ सोसेना म्हणून त्यानं हार मानली. तेवढ्यात अरिखिऑनचा प्राण गेला होता. पंचांनी प्रेताला विजयी घोषित केलं. दुसरा रॉयसचा बाप एलिओ ग्रेसी. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियमवर जपानच्या मासाहिको किमुरानं त्याचा हात मागं पिरगाळला. हात मोडला, पण एलिओ जमीन थोपटेना. शेवटी थोरला भाऊ कार्लोस यानं टॉवेल टाकला. ग्रेसी मंडळी अशी दिलदार की त्यांनी त्या डावालाच किमुराचं नाव देऊन टाकलं. आमच्याकडं किमुराच्या सात पिढ्यांशी बोलणं बंद झालं असतं. तिसरा गामाच्या घराण्यातला अक्रम पैलवान. गाठ पडली जपानच्या इनोकीशी. याच इनोकीनं जून १९७६मध्ये टोकियोत मोहम्मद अलीविरुद्धच्या पंधरा फेऱ्या बहुतांशी पाठीवर पडून लाथा झाडत काढल्या होत्या आणि सामना बरोबरीत सोडवला होता (माझ्या वाचनाच्या आसनाला तेव्हापासून शास्त्राधार आहे). त्याच डिसेंबरात कराचीत त्यानं अक्रमचा हात धरला. हात गेला, तरी अक्रम हरलो म्हणेना.

तिघंही शूर, आणि तिघांच्याही बायकांचा विचार माझ्या मनात येई.

वज्रमुष्टीचं ऐकल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला तो असा : मारामारी सुरू कशी करायची हे कुठल्याच समाजाला शिकवावं लागत नाही. अडतं ते संपवायचं कसं यापाशी. मल्लविद्या म्हणजे मुळात भांडण संपवण्याची विद्या. जेट्टींनी रक्ताचा एक थेंब ठरवला. आपण पाठीला माती ठरवली. शाहू महाराजांनी १९१२मध्ये बांधून घेतलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हजारो माणसं एवढ्या एका क्षणासाठी दम धरून बसतात, आणि काटाजोड असली तर बरोबरीत सोडवायचीही सोय आहे. या नव्या खेळानं तर कमालच केली : निकालाची किल्ली हरणाऱ्याच्या हातात दिली. त्यानं तळहातानं दोनदा थोपटलं की समोरच्यानं त्या क्षणी सोडलंच पाहिजे. मागाहून टोमणा नाही, "मी तेव्हाच म्हणालो होतो" नाही. भाची सांगते, सरावात ती एका संध्याकाळी कितीदा तरी थोपटते आणि लगेच उठून पुन्हा भिडते.

हे मी ताईला फोनवर उत्साहानं सांगितलं. सांगताना माझ्या मनात तिच्या सासरचा बांध होता. ताईच्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या पुतण्यानं शेताच्या दीड हात रुंद बांधावरून कोर्टात जो दावा लावला, तो भाचीच्या जन्माआधीचा. सासरे गेले, पुतण्याचे दोन वकील गेले, मोजणीदार निवृत्त झाले, खटला तरुण आहे. भाऊबंदकीच्या आखाड्यात वजनगट नाहीत, फेऱ्या नाहीत, डॉक्टर नाही, आणि जमीन थोपटायची सोय तर मुळीच नाही, कारण भांडण जमिनीवरूनच आहे.

मे महिन्यात ताई स्वतःच येलहंक्याला आली. अमेरिकेतल्या शनिवार रात्रीच्या लढती इथं रविवारी सकाळी दिसतात, त्यामुळं आम्ही पोह्यांच्या बश्या घेऊन टीव्हीसमोर होतो. मी नियम समजावत होतो. एकीनं दुसरीला पाठीमागून धरलं, दुसरीनं थोपटलं, आणि पुढच्या क्षणी दोघी गळ्यात गळे घालून हसत उभ्या.

"अगं बाई," ताई म्हणाली. "आत्ता तर जीव घ्यायला निघाल्या होत्या. नेमकं काय केलं तिनं?"

भाचीला एवढंच हवं होतं. तिनं मला सतरंजीवर बसवलं आणि ताईला माझ्या पाठीमागं. हात इथून घाल, कोपर हनुवटीखाली, दुसऱ्या हातानं कुलूप लाव. सुटका कशी करायची हे मला तोंडपाठ होतं : हनुवटी छातीशी, दोन्ही हातांनी वरचा हात खेचायचा, खांदा जमिनीकडं वळवायचा. मधली आकृतीसुद्धा पानाच्या डाव्या बाजूला आहे. पण ताईच्या बांगड्या कानाशी वाजल्या, तेव्हा जॉन डॅनहरनीही हेच केलं असतं असं समजून मी सतरंजी थोपटली.

"एवढ्यात?" ताईची निराशा झाली. पण तिनं सोडलं.

"बघितलंस आई?" भाची म्हणाली. "मामानं थोपटलं, तू सोडलंस, विषय संपला. वकील नाही, तारीख नाही."

ताई पोह्यांची बशी पुन्हा हातात घेऊन विचारात पडली. "चांगलं आहे हे," ती म्हणाली. "आपल्या गावात शिकवलं पाहिजे. तुझ्या चुलत काकांना तर सगळ्यांत आधी."

"मग तूच थोपट की. बांधाचं मिटवून टाक."

"मी का म्हणून?" ताई पदर खोचत म्हणाली. "बांध आमचा आहे."